सोमवारची हाक

मित्रांनो, धरणाच्या काठावर करंजाच्या झाडाखाली एक नाव पालथी पडलेली तुम्ही रोज बघता. तिच्या पाठीवर बसून तुम्ही कैऱ्या फोडता, कुणी खडूनं तिच्यावर नावं काढतं. ती नाव म्हणजे मी. माझ्या तळाला हात जाईल एवढं भोक पडलं आहे आणि त्यातून पावसाळ्यात गवत वर येतं. माझी दया यावी म्हणून मी आज बोलत नाही. एक गोष्ट पुष्कळ वर्षं माझ्या पोटात आहे, आणि तिची मला लाज वाटते. लाकूड बंद जागेत ठेवलं की आतून कुजतं. लाजेचंही तसंच होत असावं.

माझा जन्म सांगलीचा. कृष्णेच्या काठी गुंडा सुताराचं छप्पर होतं, तिथं मी घडले. गुंडा मोठा नेमाचा माणूस. पहिला खिळा ठोकायच्या आधी त्यानं फळीला हळदकुंकू लावलं आणि हात जोडून म्हणाला, "आई, तुज्यात बसल त्याला पल्याड नेऊन सोड. एवढंच तुजं काम." फटींतून कापसाच्या वाती ठासल्या, वरून डांबर पाजलं, आणि मी पाण्यात उतरले.

नऊ-दहा वर्षं मी कृष्णेच्या एका उतारावर, म्हणजे नदी ओलांडायच्या जागी, माणसं वाहिली. मिरजेच्या दवाखान्याला निघालेले आजारी, माहेरपणाला निघालेल्या लेकी, बाजाराच्या शेळ्या, उसाच्या मोळ्या, एकदा तर अख्खं वऱ्हाड. तेव्हापासून मला एक सवय लागली. कोण बसलं, कोण उतरलं, हे मी डोळ्यांनी बघत नसे. मला डोळे कुठले? मला वजन कळायचं. गरोदर बाईचं पाऊल निराळं पडतं, दुखणेकऱ्याचं निराळं. माणूस एकदा माझ्यात बसला की त्याचं वजन मी विसरत नसे. ही गोष्ट ध्यानात ठेवा, कारण माझा सगळा अपराध तिच्यातच आहे.

पुढं त्या उतारावर पूल झाला. मग नावेला कोण विचारतो? वर्षभर मी चिखलात पडून होते. एके दिवशी आप्पासो नावाचा एक शेतकरी आला, त्यानं मला ठोकून बघितलं, ट्रकवर चढवलं आणि कराड-पाटणच्या वाटेनं इथं कोयनेच्या धरणावर आणलं.

आप्पासोचं गाव धरणाच्या पाण्याखाली गेलेलं. पुष्कळ माणसं लांब उठून गेली, तिकडं कडेगावाच्या अंगाला त्यांना जमिनी मिळाल्या. आप्पासो गेला नाही. त्यानं पाण्याच्या वर डोंगराच्या उतारावर घर बांधलं आणि पाण्याच्या ह्या काठची माणसं त्या काठाला न्यायचं काम धरलं. घरात त्याची बायको शालूबाई, मुलगा अर्जुना, मुलगी मनू, आणि आप्पासोची धाकटी बहीण हरणाबाई.

हरणाबाईबद्दल जरा सावकाश सांगते.

तिचा नवरा लग्नानंतर तिसऱ्याच वर्षी वारला आणि ती भावाकडं आली, त्याला वीस वर्षं झाली होती. घरात ती सगळ्यात आधी उठायची आणि सगळ्यात शेवटी पाठ टेकायची. कुणाला दुखवील असा शब्द तिच्या तोंडून कधी निघाला नाही. तिचे नेम पुष्कळ. शनिवारी एकभुक्त, चतुर्थीला पाण्यावर, आणि सोमवारी मौन. सोमवारी उजाडल्यापासून दिवेलागणीपर्यंत ती एक अक्षर बोलत नसे. तिन्हीसांजेला तुळशीपाशी उभी राहायची, "हर हर महादेव" म्हणायची, आणि त्यानंतरची तिची पहिली हाक ठरलेली असे, "मने, दिवा लाव गं." मग मनू दिवा लावायची. बाकीच्या दिवशीही ती इतकं कमी बोलायची, की सोमवार कधी आला नि गेला हे घरातल्या माणसांना कळतही नसे. लोकांना तिच्या गप्प राहण्याची सवय झाली होती. खरं सांगायचं तर, ती घरात असण्याचीच सवय झाली होती.

ती मात्र माझ्याशी बोलायची. धुणं धुताना माझ्या काठावर हात ठेवायची आणि म्हणायची, "बाई, तुजं नि माजं सारकंच. समद्यांना पल्याड न्यायचं आन् आपुन काठालाच ऱ्हायचं." आणि हसायची.

त्र्याहत्तर सालचा उन्हाळा. आदल्या वर्षी पाऊस रुसलेला. धरणाचं पाणी इतकं खाली गेलं, की दहा-बारा वर्षांत कुणी बघितली नव्हती ती जमीन वर आली. बुडालेल्या टेकड्यांचे माथे एकामागून एक पाण्यातून निघाले. लहान लहान बेटं. कुणी राहत नाही, कुणी जात नाही, नुसती वाळलेली झाडं आणि पाखरं.

वैशाखात आप्पासोचा सगळ्यात धाकटा भाऊ लालासाहेब रजेवर आला. ह्या भागातली पोरं पलटणीत जातात, हा मात्र आरमारात गेलेला. त्यानं मला बघितलं आणि म्हणाला, "दादा, हिला शीड लावू या की! वल्ही मारून मारून हात गळून जात्यात तुजे."

"आरं, ही काय समुद्रातली हाय व्हय?" आप्पासो म्हणाला. "सांगलीची म्हातारी हाय ती."

"बघच तू. पाखरावानी पळंल."

मित्रांनो, म्हातारी म्हटल्याचं मला वाईट वाटलं, आणि पाखरावानी म्हटल्याचं इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! लालासाहेबानं कळकाची डोलकाठी उभी केली. मुंबईहून आणलेलं जुन्या तंबूचं कापड होतं, ते शिवायचं काम हरणाबाईनं घेतलं. दाभण आणि मेणाचा दोरा घेऊन ती आठ दिवस माझ्या शेजारी बसली. प्रत्येक टाक्याला देवाचं नाव घ्यायची. मला तो जप ऐकू यायचा, पण माझं ध्यान जपाकडं नव्हतं. शीड लावल्यावर आपण कशा दिसू, एवढंच माझ्या मनात. पुढं लालासाहेबानं माझ्या अंगावर तेलाच्या रंगानं 'पाखरू' असं नाव घातलं, आणि मग तर मी जमिनीवर उरलेच नाही.

ठरलं, की एक दिवस सगळ्यांनी मिळून बेटं बघायला जायचं. लालासाहेबाच्या रजेचे थोडेच दिवस उरले होते आणि जमला तो दिवस सोमवार. हरणाबाईनं मान हलवून होकार दिला. बेटांत एक बेट महादेवाच्या टेकडीचं होतं. जुन्या गावाचा महादेव तिथं होता. पाणी चढायच्या आधी गावानं पिंड उचलून वर नव्या देवळात आणली, पण जुनी जागा, तो चौथरा, तिथंच राहिला. आदल्या दिवशी ती शालूबाईला म्हणाली होती, "वैनी, देव वर आणला, पर जागा ती जागाच. वाईच पाणी घालून यीन म्हन्ते."

सकाळी काठावर गडबड उडाली. शालूबाई भाकरीची दुरडी आणि पाण्याची कळशी घेऊन माझ्यात बसली. मुलं आधीच चढलेली. हरणाबाई आप्पासोच्या डोणीत बसली. डोण म्हणजे एकाच खोडातून कोरलेली लहान होडी. बेटावरचं जळण आणायला आप्पासोनं ती बरोबर घेतली होती. लालासाहेबानं आरमारातल्या शिस्तीप्रमाणे बोट पुढं केलं, "एक, दोन, तीन..."

"आगं बया!" शालूबाई ओरडली. "भावजी, मानसं मोजत्यात का कुटं? मेंढरं हाईत का आमी?"

"आवं वैनी, जहाजावर मोजत्यात. रोज दोनदा."

"आसंल तुमच्या जहाजावर. आमच्यात मानसं मोजली की आवक्ष कमी हुतंय. मागं घ्या ते बोट."

सगळे हसले. लालासाहेबानं कान पकडले आणि बोट मागं घेतलं. मीही हसले. त्यात वाईट काय होतं? शालूबाई काही वाईट मनाची बाई नव्हती. माणसं गमवायची भीती होती म्हणूनच ती मोजू देत नव्हती.

तो दिवस फार सुंदर गेला. पहिलं बेट नुसतं वाळक्या झाडांचं. पांढऱ्या फांद्यांवर बगळ्यांची घरटी, खाली विष्ठेचा सडा. अर्जुनानं त्याचं नाव ठेवलं, बगळ्यांचं बेट.

"बगळ्यांचं कुटलं?" आप्पासो डोणीतून म्हणाला. "ही आपली वरली पट्टी. हितं तुज्या आज्याची नाचणी हुती."

दुसऱ्या बेटाचा शेंडा कधी पुरता बुडालाच नव्हता, तिथं एक आंब्याचं झाड जिवंत निघालं, त्याला चार आंबेही होते. मनूनं ते मोजून घेतले. आंबे मोजायला कुणाची हरकत नव्हती. मुलं नवी नावं ठेवत होती आणि थोरली माणसं जुनी नावं सांगत होती. हरणाबाई काहीच सांगत नव्हती. तिचं मौन होतं. पण प्रत्येक बेटावर उतरली की ती आधी मातीला हात लावायची आणि तो हात कपाळाला.

दुपारी सगळे महादेवाच्या टेकडीच्या बेटावर उतरले. हे बेट सगळ्यात लांब, पश्चिमेला. जेवणं झाली. मुलं शंख-शिंपले वेचायला पांगली, शालूबाई जरा आडवी झाली. आप्पासोनं डोण जळणानं भरली आणि म्हणाला, "मी होतो म्होरं. धारांचा वकुत झाला. तुमी या सावकाश." तो निघून गेला.

हरणाबाई तेव्हा टेकडीच्या पलीकडच्या अंगाला चौथऱ्यापाशी होती. तिनं पाणी घातलं, फुलं वाहिली, आणि डोळे मिटून बसली. वीस वर्षांत तिला घरात असं बसायला कधी मिळालं असेल?

पश्चिमेचा वारा उठला. लालासाहेब उड्या मारत आला. "चला चला! असा वारा पुना मिळायचा न्हाई. बसा पटापट!"

"वन्सं कुटं हाईत?" शालूबाईनं दुरडी उचलता उचलता विचारलं.

"आक्का? ती गेली आसंल दादासंगं. सकाळी त्याच्याच डोणीत आल्ती न्हवं?"

"व्हय की," शालूबाई म्हणाली. आणि सगळे बसले.

तिकडं डोण वल्हवणाऱ्या आप्पासोला वाटत होतं, की बहीण बायकामुलांबरोबर मागून येईल. कुणी कुणाला विचारलं नाही. कुणी बोट पुढं करून मोजलं नाही. लालासाहेबानं एकदा सगळ्यांकडं नजर टाकली खरी, मग वहिनीकडं बघून हसला आणि दोर सोडला.

मित्रांनो, आता माझा अपराध ऐका.

लालासाहेब बसला, शालूबाई बसली, मुलं बसली, आणि मला वजन कळलं. येताना टेकडीपाशी डोण आणि मी शेजारी शेजारी लागलो होतो. जड कळशी उचलायची म्हणून हरणाबाई डोणीतून माझ्यात आली होती, आणि माझ्यातूनच बेटावर उतरली होती. ते हलकं, संकोची पाऊल मला ठाऊक होतं. ते परत माझ्यावर पडलं नव्हतं. ते डोणीतही गेलं नव्हतं. डोण माझ्याच कुशीला घासून गेली, तेव्हा तिच्यात फक्त जळण आणि आप्पासो होता. हे मला माहीत होतं. माहीत असणारी त्या बेटावर मी एकटीच होते.

पण शीड भरलं. आहाहा! काय सांगू तुम्हाला. जन्मभर वल्ह्याच्या मारानं रखडत चाललेली मी, त्या दिवशी पाण्यावरून उडाले. मुलं ओरडत होती, "पाखरू! पाखरू!" लालासाहेब आरमारातलं कसलंसं गाणं मोठ्यानं म्हणत होता आणि शालूबाई पदर तोंडाला लावून हसत होती. आणि मला वाटलं, बरं झालं, हलकी आहे मी. आणखी एक माणूस असतं तर एवढी पळाले नसते.

असं मला वाटलं. हे शब्द मी आजवर कुणाला सांगितले नाहीत.

आणि मग हाक आली.

वारा मागून येत होता, त्याच्यावर बसून ती आली. शिडानं वारा धरला तशी ती हाकही धरली, आणि ती डोलकाठीतून माझ्या तळापर्यंत उतरली. "लालाऽऽ!" थोड्या वेळानं, "वैनीऽऽ!" आणि मग अगदी बारीक, फाटलेल्या आवाजात, "मनेऽऽ!"

सोमवार होता, मित्रांनो. सूर्य अजून वर होता. वीस वर्षांत एकदाही न मोडलेलं मौन तिनं मोडलं होतं. तीन वेळा मोडलं होतं.

गाण्याच्या, ओरडण्याच्या आणि शिडाच्या फडफडीत ती माणसांना ऐकू गेली नाही. मला गेली. आणि मी पळतच राहिले.

घरी आल्यावर धारा काढणं, भाकऱ्या, मुलांचं दमून भांडणं. जो तो समजत होता, की हरणाबाई परड्यात असेल, गोठ्यात असेल. ती नेहमीच कुठंतरी कामात असायची. सूर्य मावळला. मनू तुळशीपाशी दिवा घेऊन उभी राहिली आणि वाट बघत राहिली. शेवटी ती आत गेली.

"आये, आज आत्तीनं मौन सोडलंच न्हाई व्हय? मला हाक कशी न्हाई मारली आजून?"

शालूबाईचे पिठाचे हात तसेच थांबले. "आवं," तिनं बाहेर हाक दिली, "वन्सं कुटं हाईत?"

"कुटं म्हंजे?" आप्पासो दारात आला. "तुमच्यासंगं आली न्हवं?"

"आमच्यासंगं? त्या तर तुमच्या डोणीतनं..."

लालासाहेब कंदील घेऊन पाण्याकडं पळाला, त्याच्यामागं आप्पासो.

तोपर्यंत आभाळ भरून आलं होतं. वळवाचा पाऊस कसा येतो हे तुम्हाला ठाऊक आहे, आधी धूळ, मग गारा. दोघांनी मला पाण्यात ढकललं. काठापासून वीस हात गेले असेन तोच वाऱ्याच्या एका झोतासरशी डोलकाठी कडाडून मोडली आणि शीड पाण्यात गेलं. लाटेनं मला उचलून काठावर आपटलं. पुन्हा ढकललं, पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी लालासाहेब म्हणाला, "दादा, दोगंबी बुडू. पोरं हाईत तुला."

आप्पासो कमरेइतक्या पाण्यात उभा राहिला आणि गारांच्या माऱ्यात ओरडत राहिला, "हरणेऽऽ! हरणेऽऽ!" आता हाक मारायची पाळी त्याची होती. दीड कोसावरच्या त्या टेकडीपर्यंत ती काय पोचणार?

उजाडायला लागलं तेव्हा मी पाण्यात होते. वल्ह्यांवर दोघे भाऊ, आणि हट्टानं आलेली मनू. पाणी गढूळ, वर मोडक्या फांद्या आणि पाण्यात पडलेली बगळ्यांची पिल्लं तरंगत होती. दोघं भाऊ जीव खाऊन जोर लावत होते, ते मला वल्ह्याच्या खुंट्यांतून कळत होतं.

महादेवाच्या टेकडीवर कुणी नव्हतं. चौथऱ्यावर पावसानं झोडपलेली फुलं होती. काठाच्या ओल्या मातीत पावलं असतील म्हणून लालासाहेब वाकून बघत होता, पण पावसानं सगळं पुसलं होतं.

"गाडीवाट," एकाएकी आप्पासो म्हणाला. त्याचा आवाज ओळखू येत नव्हता. "टेकडीवरनं वरल्या पट्टीकडं गाडीवाट जाती न्हवं आपली. आता पाण्याखाली हाय. तिला पायाखालची हाय ती वाट. ल्हानपनी डोळं झाकून जायाची. तिकडनं आपलं घर दिसतं... दिसावं म्हनून गेली आसंल ती. पाण्यातनं."

मग आम्ही त्या वाटेवरून निघालो. खाली बुडालेली गाडीवाट, वर मी. पाणी कुठं कमरेइतकं, कुठं डोकं बुडेल इतकं. जुन्या बांधाचे दगड माझ्या तळाला घासत होते. लालासाहेब वल्हवत होता आणि आप्पासो लांब काठी पाण्यात खुपसत, चाचपत होता. काठी कशाला तरी मऊ लागली की तो डोळे मिटायचा. चिखल असायचा. पुन्हा खुपसायचा. मनूला कळत होतं, की तो काय शोधतो आहे. ती माझा काठ घट्ट धरून बसली होती.

त्या वाटेवर मी देवाला म्हणाले, की मला आत्ता इथंच फोड, पण ह्या काठीला ते लागू देऊ नकोस.

"आत्ती!" मनू किंचाळली.

बगळ्यांच्या बेटावर, एका वाळक्या खोडाला पाठ लावून, हरणाबाई बसली होती. ओलं लुगडं अंगाशी गच्च गुंडाळलेलं. पाय फाटलेले. ओठ निळे पडले होते, पण हलत होते. तिचा जप चालू होता.

मनूनं पाण्यातच उडी टाकली आणि जाऊन तिच्या गळ्यात पडली. लालासाहेबानं आपला सदरा काढून तिच्या खांद्यावर घातला. आप्पासो मात्र माझ्यातून उतरेना. तो घराचा थोरला, बापाच्या जागी. बहिणीकडं बघायचं त्याला धाडस होत नव्हतं. त्याची मान माझ्या तळाकडं वळलेली आणि पाणी टपटप माझ्यावर पडत होतं. ते पावसाचं नव्हतं.

शेवटी लालासाहेबानंच विचारलं. "आक्का," तो म्हणाला, "आगं, हाक का न्हाई मारलीस? आमी माघारी फिरलो असतो की."

मी श्वास रोखला, मित्रांनो. लाकडाला श्वास असतो का ते मला विचारू नका.

हरणाबाईनं एकेकाकडं बघितलं. लालासाहेबाच्या लाल झालेल्या डोळ्यांकडं. खाली घातलेल्या आप्पासोच्या मानेकडं. मग ती हसली, आणि बसलेल्या आवाजात म्हणाली, "खुळा का काय तू? सोमवार हुता न्हवं काल. मौन हुतं माजं."

"आन् दिवं लागल्यावर?"

"तवर वारं सुटलं की. कशाला मारू हाक? तुमी जिवावर उदार होऊन निगाला असता."

आप्पासोनं मान वर केली. त्याच्या छातीवरचं ओझं उतरलेलं मला स्पष्ट कळलं, त्याचं वजनच बदललं. "बग!" तो रडत रडत म्हणाला. "बग, लाला! हिचा नेम आडवा आला. न्हाईतर हिनं एक हाक मारली असती आन् आमी ऐकली नसती, आसं झालं असतं व्हय?"

"न्हाई, दादा," हरणाबाई म्हणाली. "कसं हुईल तसं?"

तिनं माझ्यात पाय ठेवला. तेच हलकं पाऊल. बसताना तिचा हात माझ्या काठावर आला, आणि तो तिथंच राहिला. तिला ठाऊक होतं का, की मी ऐकलं होतं? मला वाटतं, होतं.

जन्मात खोटं न बोललेली बाई त्या सकाळी खोटं बोलली, आणि तिनं घरातल्या सगळ्यांना जन्मभराच्या लाजेतून सोडवलं. पुढच्या सोमवारपासून तिनं मौनाबरोबर निर्जळी उपासही धरला. शालूबाईनं पुष्कळदा विचारलं, "वन्सं, ह्यो आनी कशाचा वं उपास?" ती नुसती हसायची. मोडलेल्या मौनाचा होता, की बोललेल्या खोट्याचा, ते ती आणि तिचा महादेव जाणे.

घरात तिचं बरं चाललं त्यानंतर. शालूबाई जेवताना तिचं ताट आधी वाढायला लागली. लालासाहेबानं पुन्हा कधी शिडाचं नाव काढलं नाही. माझ्यावरचं 'पाखरू' उन्हापावसात निघून गेलं आणि ते गेलं याचा मला आनंद झाला. मी आणखी बरीच वर्षं वल्ह्यांवर रखडत माणसं वाहिली. मग यंत्राची लाँच आली, माझा तळ फुटला आणि मला ह्या करंजाखाली पालथं घातलं. हरणाबाई म्हातारपणी काठी टेकत इथवर यायची, माझ्या पाठीवर हात फिरवायची. काही बोलायची नाही. एका पौषात ती गेली. तिचे भाऊही गेले. ज्यांची लाज तिनं झाकली त्यांच्यातलं मनूशिवाय आता इथं कुणी नाही. म्हणून आज मी तोंड उघडलं. मनू तुमच्यातल्या काहींची आजी आहे. हे ऐकून ती रडेल, पण तिला हे कळायला हवं, की तिच्या आत्तीनं त्या दिवशी तिलाही हाक मारली होती.

तुम्ही म्हणाल, तू तर लाकडाची, तू काय करणार होतीस? तुला कुठं ओ देता येत होती? मुलांनो, मीही पुष्कळ वर्षं स्वतःला हेच सांगत आले. पण खरं असं आहे, की त्या दिवशी मला वाचा असती, तरी मी ओ दिली नसती. मला पळायचं होतं.

म्हणून एवढंच मागते. तुमच्या घरात जे माणूस कधी काही मागत नाही, ज्याचा आवाज चारचौघांत ऐकू येत नाही, त्याला दिवसातून एकदा तरी नावानं हाक मारा आणि ते ओ देईपर्यंत थांबा. खेळ रंगात आलेला असेल, वारा चांगला असेल, तरीही थांबा.